काळकुसळीची अर्धी गोण

आमच्या तालुक्याच्या दिवाळी अंकाचे संपादक मागच्या महिन्यात गिरणीवर आले. हातात पिशवी नव्हती, गोण नव्हती, म्हणजे काम दुसरंच काही असणार हे मी ओळखलं. म्हणाले, "हमीदभाई, यंदा गावोगावचा परिचय छापतोय. करंजवण्याचं तुम्ही लिहा." सोबत एक छापील कागद होता. लोकसंख्या, क्षेत्रफळ, मंदिरं, प्रेक्षणीय स्थळं, थोर व्यक्ती. मी म्हटलं, ग्रामसेवकाकडे जा, त्याच्याकडे हे सगळं भरून तयार असतं. तर म्हणाले, "त्यांनी दिलंय हो भरून. पण ते वाचून गाव काही कळत नाही."

हे मात्र मला पटलं. म्हणून लिहायला बसलो. कागद बाजूला ठेवलाय.

मी गेली चाळीस वर्षं इथली भातगिरणी चालवतो. वाचणाऱ्यांत देशावरचे कोणी असतील तर आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडे शेतात उभं असतं तेही भात आणि गोणीत भरतात तेही भातच. माझ्या यंत्रातून बाहेर पडलं की त्याचा तांदूळ होतो. तूस वीटभट्टीवाले नेतात, कोंडा म्हशी खातात, कणीचं पीठ भाकरीला होतं. काही म्हणता काही फुकट जात नाही. ग्रामसेवक गावातली माणसं मोजतो, मी त्यांच्या गोणी ओळखतो. कोणाचं भात ओलं, कोणाचं नीट पाखडलेलं, कोणाकडे यंदा बेणणी, म्हणजे तण काढणं, झालंच नाही, सगळं यंत्राच्या चाड्यात ओतताना दिसतं. कोणाचा मुलगा बापापासून वेगळा झाला हे मला मतदारयादीच्या आधी कळतं, कारण एका घरच्या गोणी दोन वेगळ्या दिवशी यायला लागतात. मी विचारत नाही. पण कळतं.

तर करंजवणे. कर्जतहून खोपोलीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळायचं. गावाच्या मधोमध एक बुटका चढ आहे. चढाच्या अलीकडे पडलेला पाऊस उल्हास नदीला जातो, पलीकडचा पाताळगंगेला. तालुक्यांचंही तेच. निम्मी शेतं कर्जतात, निम्मी खालापुरात. एकाच माणसाला सातबाऱ्याचे दोन उतारे काढायला दोन दिशांना जावं लागतं, आणि दोन्हीकडे साहेब जेवायला गेलेले असतात. नव्वदेक उंबरे. बहुतेक कुणबी. मुसलमानांचं घर एकच, आमचं. वर डोंगराच्या पोटाला ठाकरांची वाडी आहे, ते लोक नाचणी आणि वरी घेऊन खाली उतरतात. त्यांची आपसातली बोली मला चाळीस वर्षांत निम्मीच कळली. ते हसले की समजायचं, गिरणीवाल्याबद्दल काहीतरी बोलले.

गिरणी माझ्या अब्बांची. ते श्रीवर्धनकडचे, सुकी मासळी विकायला या बाजूला यायचे. गावातल्या बायका उखळात भात सडताना बघून त्यांच्या डोक्यात आलं, आणि त्यांनी तेलाचं इंजिन आणून बसवलं. जागा गावकीने दिली. पहिल्या वर्षी बायका गिरणीचा तांदूळ खायला तयार नव्हत्या, लोखंडाचा वास येतो म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी हाताला फोड नाहीत हे लक्षात आलं तसा वासही गेला. अब्बा हे सांगताना फार हसायचे.

या धंद्यात शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती दातांत आहे. गोण आली की तोंड उघडायचं, मूठभर भात काढायचं, दोन दाणे सोलून दाढेखाली धरायचे. कट् असा आवाज आला तर भात वाळलंय. मऊ लागलं तर गोण परत. ओलं भात यंत्रात घातलं की त्याचा भुगा होतो, आणि गिऱ्हाईक शिव्या गिरणीवाल्याला देतं. एकदा एका गृहस्थाने ऐकलं नाही. जावई येणार होता, नवा तांदूळ आजच पाहिजे म्हणाला. मी हात जोडले. त्याने स्वतःच गोण चाड्यात ओतली. जावयाने कण्या खाल्ल्या, आणि तो गृहस्थ वर्षभर पंचक्रोशीत सांगत फिरला की हमीदचं यंत्र भंगारात काढायच्या लायकीचं आहे. तेव्हापासून मी कानाला खडा लावला, दाणा चावल्याशिवाय गोण ओतायची नाही. मी पाहुण्यांकडे जेवायला गेलो तरी ताटातला भात आधी चावून बघतो, असं माझी बायको जुलेखा सांगते. तिला सवय आहे वाढवून सांगायची.

आता चढाच्या पलीकडे फार्महाऊसं झालीत. तिथल्या एका साहेबांनी दोन गुंठ्यांत भात लावलं. लावलं म्हणजे त्यांच्या वॉचमननं लावलं, तो आमच्याच गावचा. साहेब पाटीभर भात घेऊन गाडीतून आले, फोनवर माझा, यंत्राचा, भिंतीवरच्या पालीचा फोटो काढला, आणि म्हणाले, "मला हातसडीचा तांदूळ करून द्या."

मी म्हटलं, "साहेब, हे मशीन आहे."

"मग मशीन हळू चालवा."

एकच हात दिला, म्हणजे यंत्रातून एकदाच काढलं, पॉलिश केलं नाही, लालसर तांदूळ दिला. साहेब खूश. पुढल्या वर्षी मिठाईचा खोका घेऊन आले. माणूस चांगला आहे, उगाच कशाला बोला.

गाव बदललं यात वाद नाही. मुलं खालापूरच्या बाजूला कंपन्यांत जातात, मुली कर्जतला कॉलेजात. नेरळला ज्यांनी फ्लॅट घेतले ते सणाला येतात आणि जाताना गावच्या तांदळाची गोण डिकीत घालून नेतात. काही खाचरं पडीक राहिलीत. पूर्वी दिवाळीनंतर गिरणीसमोर बैलगाड्यांची रांग लागायची, आता टेंपो येतो, एकदम सगळ्यांच्या गोणी टाकतो आणि जातो. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण माझं एक आहे, आहे त्यात माझं बरं चाललंय. तीन वर्षांमागे रबराच्या रोलचं नवं यंत्र घेतलं. एक दाणा सोलल्यावाचून राहत नाही. जुना हलर, अब्बांच्या वेळचा लोखंडी, तो कोपऱ्यात ठेवला. थोडं भात असलं तर त्यावर काढतो, कारण नव्या यंत्राच्या पोटाला अर्धी गोण पुरतच नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

गावात सगुणाकाकी म्हणून आहे. ऐंशी ओलांडलेली. अंगाने काडी, आवाज मात्र चढाच्या पलीकडे जातो. तिच्या घरी ओढ्याकाठच्या एका खाचरात काळकुसळी नावाचं भात होतं. लोंबीला काळीभोर कुसळं येतात म्हणून हे नाव. अगदी गरवं, सगळ्यांची कापणी झाली तरी हे आपलं उभंच. वारा आला की लोळतं, आणि पिकतं थोडं. म्हणून बाकीच्यांनी ते केव्हाच सोडून दिलं आणि चांगलं पिकणारं बियाणं आणलं. शहाणपणाचंच केलं. पण काळकुसळीचा भात चुलीवर असला की वाटेवरचा माणूस थांबून विचारतो, आज काय आहे म्हणून. ते बियाणं पंचक्रोशीत फक्त काकीकडे उरलं होतं. तिच्या सासूने तिला दिलं आणि बजावलं की हे उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. कित्येकांनी मागितलं, काकीने तांदूळ दिला पण बियाणं कधी दिलं नाही.

आमच्याकडे बियाण्याची एक रीत आहे. उभ्या पिकातल्या चांगल्या लोंब्या निवडून काढतात, त्या कुसळं झडेपर्यंत हाताने झोडतात, आणि त्या गोणीचं तोंड पेंढ्याच्या वेणीने बांधतात. खायच्या गोणीला सुतळी, बियाण्याच्या गोणीला वेणी. लिहायला नको, वाचायला नको. टेंपोवाल्यालासुद्धा माहीत असतं की वेणीच्या गोणीला हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात काकीच्या नातीचं लग्न होतं. घरात कर्ती म्हणजे काकीची सून रंजना. नवरा कंपनीत, त्यामुळे शेत, गोठा, लग्न सगळं हिच्याच अंगावर. बाई कामाची आहे. लग्नाच्या पंधरवडाभर आधी तिने पडवीतल्या गोणी हलवल्या तेव्हा तिला दिसलं की बियाण्याच्या गोणीची वेणी उंदरांनी कुरतडलीय. भात सांडू नये म्हणून तिने घाईत सुतळी बांधली. वेणी मागून करू म्हणाली. लग्नघरात मागून कुठलं काय होतंय.

शुक्रवारी ती लग्नाच्या साड्या आणायला कर्जतला गेली. जाताना टेंपोवाल्याला सांगून गेली की पडवीतलं भात गिरणीवर टाक. काकी तेव्हा मागे गोठ्यात होती. त्याने बघितलं, चार गोणी, चारींना सुतळी. चारी आणल्या. तीन भरलेल्या, एक अर्धी.

मला जुम्याच्या नमाजाला कर्जतला जायचं होतं. तीन गोणींचे दाणे चावले, नव्या यंत्रात लावल्या, काम चोख झालं. अर्धी गोण राहिली. घड्याळ बघितलं. म्हटलं, त्याच घरची आहे, तेच भात असणार. चावलं नाही. जुन्या हलरमध्ये ओतली, लवकर उरकावं म्हणून दाणा सोलणारी आतली सुरी सैल केली, तोंड मोकळं सोडलं, आणि मागे घरात कपडे बदलायला गेलो.

सदऱ्याची बटणं लावत होतो आणि वास आला.

चाळीस वर्षांत तो वास मी मेमध्ये कधी घेतला नव्हता. काळकुसळी गिरणीत यायची ती मार्गशीर्षात. तसाच अनवाणी धावलो, मोटार बंद केली. चाडं रिकामं होतं. खाली टोपलीत लालसर तांदूळ, कोमट, आणि सगळ्या गिरणीत तो वास भरलेला.

ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं टरफल गेलं की तो दाणा खायचा झाला. यंत्रात सोलताना त्याचा कोंबही खरवडून जातो, तो पेरून काही उगवत नाही. खायची काळकुसळी नेहमीप्रमाणे मार्गशीर्षातच कांडून झाली होती. उरली होती ती एवढी अर्धी गोण. दुसरीकडे कुठंच नाही. म्हणजे मी ते भात जगातून पुसून टाकलं होतं, नमाजाला पंधरा मिनिटं लवकर पोचावं म्हणून. नमाजाला गेलोच नाही. टोपलीशेजारी बसून राहिलो.

दुपारी रंजना परस्पर गिरणीवरच आली, तांदूळ न्यायला. हातात साड्यांच्या पिशव्या. मी टोपली दाखवली. तिने चिमूट उचलून नाकाला लावली.

"भाई, ही आमची नाय," म्हणाली. "आमची कशी असंल? ती घरात हाय."

मी म्हटलं, "अर्ध्या गोणीला सुतळी होती."

ती मटकन खाली बसली. पिशव्या तुसात पडल्या तरी तिला भान नव्हतं. मग तिने वेणीचं, उंदरांचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "चूक माझी. मी दाणा चावला असता तर कळलं असतं."

"चूक कुनाची का असंना. आई मला ओरडनार नाय, भाई. तेच तर. ती गप बसंल. लगीन लागंल, पोर सासरी जाईल, आन् ती गप बसंल." मग डोळे पुसून एकदम म्हणाली, "तुमच्याकडं दुसरं गरवं भात असंल की. अर्धी गोण भरून द्या. वेनी मी करतं. तिला आता दिसतंय कुठं एवढं?"

खरं सांगतो, मी लगेच 'नाही' असं म्हणालो नाही. गरवं भात माझ्याकडे होतं, रंगाला तसंच. आश्विनात लोंब्या बाहेर पडेपर्यंत कोणाला कळलं नसतं. आणि काकीचं वय. आश्विनापर्यंत ती असेल नसेल, हा विचार माझ्या मनात आला. कबूल करतो, आला. ज्या बाईने लहानपणी मला ओढ्यातून बखोट धरून बाहेर काढलं तिच्या मरणाचा हिशोब मी करत होतो. त्याची लाज मला अजून वाटते. तिच्या हातात दुसरंच काही बियाणं द्यायचं आणि ती पाण्यात वाकून ते लावणार, काळकुसळी म्हणून. ते मला बघवलं नसतं.

"रंजना, ऊठ," मी म्हटलं. "तुझ्याबरोबर मी येतो. बोलणार मी, तू नुसती उभी राहा."

काकी पडवीत चिंचा फोडत बसली होती. मी पाटीत थोडा तांदूळ घेतला होता तो तिच्यापुढे ठेवला. वाटेत बोलणं चांगलं पाठ केलं होतं. शेवटी एवढंच म्हणालो, "काकी, तुझं बियाणं मी भरडलं."

तिने हात पदराला पुसले. पाटीत बोटं घातली, दाणे तळहातावर घेतले, उजेडाकडे धरले. फुंकर मारली. रंजना दाराला टेकून रडत होती.

"येक हात दिलास का दोन?" काकीने विचारलं.

"एकच. सुरी सैल होती."

"मंग रडतंस कनाला?" ती म्हणाली, आणि तळहात माझ्या नाकासमोर आणला. लाल दाण्यांत मधेच एखादा पिवळट दाणा होता, टरफलासकट, अख्खा. "ह्ये काय हाय? रंजे, सूप काढ. आन् शेजारनीला हाक मार, सुपासकट ये म्हनावं."

जुन्या हलरची ही खोड. पहिल्या हाताला काही भात न सोलता तसंच राहतं, म्हणून दुसरा हात द्यावा लागतो. बायका तांदूळ निवडताना ते दाणे वेचतात आणि माझा उद्धार करतात. मी चाळीस वर्षं त्यावरून बोलणी खाल्ली होती, आणि त्या दिवशी मी धास्तावलो होतो इतका की ते माझ्याच ध्यानात आलं नाही. सुरी सैल होती, तोंड मोकळं होतं, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त राहिलं होतं. नव्या यंत्रात घातलं असतं तर एक दाणा मिळाला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ बायका सुपं घेऊन गिरणीत येऊन बसल्या. रंजना नववी. लग्न सहा दिवसांवर, तरी आली. सुपात तांदूळ घेऊन तो गोल गोल घोळायचा, की जड तांदूळ खाली बसतो आणि टरफलवालं भात हलकं म्हणून मधोमध वर जमतं. मग ते चिमटीने उचलायचं. ऐकायला सोपं आहे. मी करून बघितलं तर सगळं जमिनीवर. "भाई, तुमी मोटार चालवा," एकजण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. दोन दिवस गिरणी बंद. गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायचं, बाई असेल तर सूप घे, पुरुष असेल तर घरी जा. जुलेखा चहा करून करून दमली. बायकांना माझ्या यंत्रावर बोलायला दोन दिवस मोकळं रान मिळालं.

"गिरन खराब हाय म्हनून वाचलो गं बायांनो."

"पन गिरनवाला धड असता तर वाचायची पाळीच आली नसती."

बोला, म्हटलं. ऐकून घेण्यातच त्या दिवशी मला बरं वाटत होतं. काकी मधे खाटेवर बसून होती. प्रत्येकीची वाटी बघायची, तुटका दाणा दिसला की काढून टाकायची. म्हणे दिसत नाही.

दोन दिवसांनी सगळं मिळून एक मोठं पातेलं भरलं. पण खरी धाकधूक पुढेच होती. हे दाणे लोखंडातून फिरून आलेले. बाहेरून अख्खे दिसले तरी आतून चिरडलेले असले तर? काकीने थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधले आणि चुलीमागे उबेला ठेवले. मी रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून जायचो. एकदा सुतळी मागायला गेलो. काकी म्हणाली, "माझ्याकडं मागतंस? सुतळीनंच झालं ना सगळं?" घरात मांडव, पाहुणे, हळदीची गडबड, आणि रंजना येता-जाता चुलीमागे बघणार. तिने मला सांगितलं, "भाई, पोरीच्या लग्नात मी रडले तर लोकांना वाटंल पोर जातेय म्हनून. मला ठाव मी कनाला रडतं."

हळदीच्या दिवशी सकाळी काकीने फडकं सोडलं. रंजना आणि मी दोघं वाकून बघत होतो. निम्म्याहून जास्त दाण्यांना पांढरे कोंब आले होते.

"पुरं हाय," काकी म्हणाली. रंजना हसायला लागली, मग रडायला लागली. माझ्या जिवात जीव आला.

लग्न झालं. जूनमध्ये पेरणीच्या आदल्या दिवशी काकीने मला आणि सुपं घेऊन बसलेल्या सगळ्या बायकांना बोलावलं. आमच्याकडे धान्य निवडायला बसलेल्या बाईला ओंजळभर द्यायची पद्धत आहे. सगळ्यांना वाटलं, तांदूळ देईल. काकीने पातेलं पुढे ओढलं आणि पहिल्या बाईच्या पदरात बियाण्याची ओंजळ टाकली.

"आई, आपल्यालाच कमी हाय," रंजना म्हणाली.

"हाय ना कमी. म्हनूनच," काकी म्हणाली. "येका घरात व्हतं, म्हनून येका सकाळी गेलं. धा घरांत असतं तर ह्या हमीदनं किती भरडलं असतं?"

"पन तुमच्या सासूनं..."

"सासूच्या टायमाला टेंपो नव्हता."

सगळ्यांना देऊन झाल्यावर तिने माझ्यापुढे हात केला. मी म्हटलं, "काकी, मी कुठं पेरू? माझ्याकडे शेत कुठंय?"

"मागं परसू हाय ना, पानी साचतं तिथं. भाताला सातबारा लागतो व्हय रं?"

असा मी साठी उलटल्यावर शेतकरी झालो. दुसऱ्यांचं भात चाळीस वर्षं हाताळलं, स्वतःचा एक दाणा कधी पिकवला नव्हता. गिरणीच्या मागे चटईएवढी जागा. रोपं उपटून लावायच्या दिवशी रंजना बांधावर उभी राहून हसत होती, मी उलटा चालायचं विसरून लावलेलंच तुडवत होतो. तिने पदर खोचला आणि अर्ध्या तासात सगळं लावून दिलं. आश्विनात लोंब्या बाहेर आल्या आणि त्यांना काळी कुसळं होती. मी गिऱ्हाइकांना हात धरून मागे नेऊन दाखवत होतो. चिमण्यांना हाकलण्यात माझी निम्मी कामं बुडाली, जुलेखा म्हणाली की बाळंतिणीलासुद्धा तुम्ही इतकं जपलं नव्हतं. कार्तिकाच्या शेवटी कापलं. एक पातेलं भात झालं. वाळवलं, चावलं, कट् वाजलं. एवढ्याशा भाताला यंत्र काय लावायचं, जुलेखाने शेजारचं उखळ आणून सडून दिलं. त्या रात्री आमच्या घरात जो वास दरवळला त्याबद्दल मी लिहीत नाही, लिहून येणार नाही. एवढंच सांगतो की आम्ही दोघांनी त्याच्यावर काही कालवण घेतलं नाही.

उरलेला तांदूळ पितळी डब्यात भरला, सकाळी काकीकडे गेलो. तिच्या खाचरातलंही भात आलं होतं. पडवीत गोण ठेवली होती, तोंडाला वेणी, रंजनाने स्वतः विणलेली, हातभर लांब. काकीने डब्याचं झाकण काढलं, वास घेतला, डोळे मिटले. मला म्हणाली, "चांगलं केलंस." या गावात मला एवढं कोणी कधी म्हटलं नव्हतं. मी फुगून गेलो.

मग तिने विचारलं, "बियान्याला किती ठेवलंस?"

ठेवलंच नव्हतं. भात समोर आलं की त्याचा तांदूळ करायचा, यापलीकडे माझ्या हातांना दुसरं काही सुचलंच नव्हतं. वर्षभर जिवापाड जपलं आणि शेवटचा दाणासुद्धा सडून डब्यात भरून घेऊन आलो होतो, आणि आणलं कोणाकडे, तर काकीकडे.

काकी पोट धरून हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला, रंजना पाणी घेऊन धावली. ठसका थांबल्यावर काकीने डोळे पुसले आणि गोणीकडे बोट दाखवलं. रंजनाने वेणी सोडली. एक ओंजळ भरून माझ्या रुमालात ओतली, नीट गाठ मारून दिली.

"ह्याला दर सालाला द्यावं लागंल गं," काकी तिला म्हणाली. "ध्यानात ठेव. मी नसले तरी दे."